तिसऱ्या आवृत्तीतला हरवलेला आवाज

१

"माझा आवाज चोरीला गेलाय," बाई दारातूनच म्हणाल्या. म्हणाल्या त्या इतक्या खणखणीत आवाजात, की आतल्या खोलीतले तिघंही हातातली कामं टाकून बाहेर आले.

सोमवारची सकाळ होती, साडेदहाचा सुमार. चष्म्याच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर या कंपनीच्या तीन खोल्या होत्या आणि त्यात पाच माणसं. पाचही जण मिळून एकच वस्तू बनवायची: 'वाचक' नावाचा प्रोग्राम. छापलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला की वाचक तो मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांच्यासाठी.

आलेल्या बाईंना अजिबात दिसत नव्हतं. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे कंपनीत सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणायचे. सोबत त्यांची भाची होती. श्रवणयंत्रं दुरुस्त करण्याचं तिचं छोटंसं दुकान होतं.

"बसा बाई," मालक म्हणाले. "नीट सांगा. वाचक चालत नाही का?"

"चालतो की! बडबडतोय नुसता. पण माझ्या आवाजात नाही. तुमच्या नव्या तिसऱ्या आवृत्तीत जुना किनरा आवाज परत आलाय. मला बारीक सूर ऐकू येत नाहीत हो या वयात. 'स' म्हटलेलं कानाला लागतच नाही. परवा औषधाची चिठ्ठी वाचून घेतली. मी ऐकलं आठ थेंब. दोनदा शेजारणीला विचारलं म्हणून कळलं, कागदावर साठ होते."

"उलटं झालं असतं तर?" भाची हळूच म्हणाली.

मालकांनी तिच्याकडे खुर्ची सरकवली.

मग भाचीनेच समजावलं. वाचकचं बोलणं कंपनीने स्वतः लिहिलेलं नव्हतं. बोलण्याचं काम करणारी एक तयार लायब्ररी होती, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून जगासाठी खुला ठेवलेला कोड. कंपनीने ती घेऊन आपल्या प्रोग्रामसोबत दिली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये 'आवाज' नावाची ती वेगळी फाईल दिसायची आणि शेजारी लायसन्सची फाईल. ती वाचूनच भाचीला कळलं की या लायब्ररीचा कोड कोणीही घ्यावा, बदलावा. तिने तो उतरवून घेतला, 'स' आणि 'श' खालच्या सुरात बोलतील असा बदल केला, स्वतः कंपाइल केला, म्हणजे त्याची यंत्राला चालवता येईल अशी फाईल बनवली, आणि मूळ फाईलच्या जागी आपली फाईल ठेवली. दीड वर्ष मावशीचा वाचक तिच्या कानाला साजेसं बोलत होता.

"आता तिसऱ्या आवृत्तीत फोल्डर उघडलं तर आत एकच फाईल," भाची म्हणाली. "आवाजची फाईल नाही. मी माझी नेऊन ठेवली, तर तुमचा प्रोग्राम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि लायसन्सची फाईलही गायब आहे. साहेब, मी वकील नाही. पण त्या लायसन्समध्ये लिहिलं होतं की वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलता आली पाहिजे. तुम्ही ते दार बंद केलंत."

मालकांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. एकेकाने मान हलवली. कोणालाच काही माहीत नाही, असं दिसलं.

शुक्रवारी याच तिसऱ्या आवृत्तीच्या तीनशे प्रती शाळांना जायच्या होत्या.

२

मालकांनी ते काम सूचीताईंवर सोपवलं.

सूचीताई पंचवीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची करायच्या. निवृत्त झाल्यावर इथे अर्धा दिवस यायच्या. वाचकची मदतीची पानं लिहायच्या आणि वाचकमध्ये बाहेरच्या कोणकोणत्या लायब्ऱ्या आहेत, त्यांची लायसन्सं काय म्हणतात, याची यादी ठेवायच्या. पहिल्या दिवशी 'लायब्ररीचं काम आहे' असं ऐकून त्या रबरी शिक्के आणि शाईची पॅड घेऊन आल्या होत्या, ते कोणी अजून विसरलं नव्हतं.

"दोन वस्तू हरवल्यात," मालक दार लोटून म्हणाले. "आवाजची फाईल आणि लायसन्सची. कोणी केलं ते शोधा. मला ओरडायचं नाहीये ताई, पण मला कळलंच पाहिजे. आणि आधी हे सांगा, आपण किती गोत्यात आहोत? आपला सगळा कोड फुकट वाटावा लागणार का?"

"अजून नाही सांगता येत. आधी तुम्हालाच विचारते. मागच्या महिन्यातल्या मीटिंगमध्ये 'एकच फाईल हवी, एका क्लिकमध्ये काम झालं पाहिजे' असं कोण म्हणालं होतं?"

मालकांचा चेहरा पडला. "मी म्हणालो होतो. पण म्हणणं वेगळं. मला कोड लिहिता आला असता तर मी आयुष्यभर प्रिंटर विकत कशाला फिरलो असतो?"

ते खरं होतं. मालकांना साधं फोल्डरचं नाव बदलायचं तरी कोणाला तरी हाक मारावी लागायची.

सूचीताईंनी सुरुवात बदलांच्या नोंदींपासून केली. कोडमध्ये कोणीही काहीही बदललं की त्याची नोंद आपोआप राहते: कोणी, कधी, का. हवी ती नोंद सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. गेल्या महिन्यातला एक बुधवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. आवाजची लायब्ररी वेगळी न ठेवता मुख्य प्रोग्रामच्या पोटातच कंपाइल करायची, अशी सूचना. कारणाच्या जागी तीन शब्द: 'आता हरवणार नाही.'

फाईलींचे आकारही तेच सांगत होते. दुसऱ्या आवृत्तीत मुख्य फाईल एकतीस एमबीची होती आणि आवाजची नऊ. तिसऱ्या आवृत्तीत एकच, चाळीसची. आवाज कुठे गेला नव्हता. तो आत चिणला गेला होता.

पण नाव? नावाच्या जागी होतं: 'बिल्ड'.

बिल्ड म्हणजे मागच्या खोलीतला संगणक. सगळ्यांचा कोड एकत्र करून, कंपाइल करून तयार प्रोग्राम बांधायचं काम तो करायचा. त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. पाचही जणांना पाठ होता.

३

त्या संगणकाची मालकीण म्हणजे बिल्डवाली. तिची शिस्त अशी, की तिच्या टेबलावरचं स्टेपलर कोणी वेडंवाकडं ठेवलं तरी तिला घरी बसून कळायचं.

"त्या आठवड्यात मी सोमवार ते शुक्रवार रजेवर होते," ती म्हणाली. "आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. तुम्हीच तर फुलं पाठवली होतीत, ताई."

"आठवतंय. पण यंत्राला शनिवारी सांगून ठेवलं, की बुधवारी दुपारी अमुक कर, तर ते करतं ना?"

बिल्डवालीने क्षणभर रोखून पाहिलं. मग हसली. "करतं. म्हणजे मीही संशयित! बरं आहे. पण मी केलं असतं ना ताई, तर नोंदीत तीन शब्द नसते. अर्धं पान असतं."

तेही खरं होतं. तिच्या नोंदी वाचायला चहा सोबत घ्यावा लागायचा.

दुसरा संशयित होता मुनी. सगळ्यांत जुना प्रोग्रामर. दिवसभरात त्याच्या तोंडून पाचसहा वाक्यं निघायची, म्हणून मुनी. त्याच्याकडे कारणही होतं. आवाजची लायब्ररी आणण्याआधी मुनीने दोन वर्षं खपून स्वतः बोलणारा कोड लिहिला होता. तो ऐकून मालक म्हणाले होते, "अरे, हा तर सर्दी झालेला हेडमास्तर वाटतोय." दुसऱ्या दिवशी बाहेरची लायब्ररी आली. त्या परक्या लेखकाचं नाव आपल्या प्रोग्रामसोबत जगभर फिरतंय, हे मुनीला सलत असेल का?

"सलतं का रे?" सूचीताईंनी सरळच विचारलं.

मुनीने कीबोर्ड बाजूला सारला. "सलायचं. आता नाही. तो फार सुंदर लिहितो."

"आणि त्या बुधवारी दुपारी एक वीसला?"

"तुमच्यासमोर. डबा."

खरंच. खिडकीजवळच्या टेबलावर दोघं रोज एक ते पावणेदोन डबा खायचे. पण यंत्राला आधी सांगून ठेवता येतं म्हटल्यावर कोणाचं कुठे असणं काहीच सिद्ध करत नव्हतं. मालक त्या दिवशी परगावी प्रदर्शनात होते, त्यालाही तेवढीच किंमत.

उरला शंकासुर. हा प्रोग्राम तपासणारा. कोणतीही गोष्ट ठीक आहे असं म्हटलं, की "कशावरून?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याने सूचीताईंना खुर्ची दिली आणि विचारायच्या आधीच तिसऱ्या आवृत्तीचा चाचणीचा तक्ता पुढे केला.

"बघा ताई. एक्केचाळीस चाचण्या. चाळीस पास, एक लागू नाही. खाली माझी सही, तारीख. माझ्याकडून काही सुटलेलं नाही."

"तू बिल्डच्या संगणकाला हात लावतोस का कधी?"

"ती मला ठार मारेल," शंकासुर म्हणाला. "पण ताई, चोरी झालीच आहे कशावरून? चुकून झालं नसेल कशावरून?"

सूचीताई तक्ता घेऊन आपल्या जागेवर आल्या. चौघंही खरं बोलत होते असं वाटत होतं, आणि चौघंही तर खरं बोलत असणं शक्य नव्हतं.

४

मंगळवारी सकाळी त्यांनी तक्ता पुन्हा वाचला. जुन्या सवयीने पुस्तकाची मागची पानं आधी बघतात तसा, शेवटून. सही. तारीख. मग वर वर सरकत सतराव्या चाचणीपाशी त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी कॅलेंडर काढून तारीख पाहिली. मग उठल्या आणि शंकासुराच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सतरावी चाचणी वाचून दाखव बरं."

"'आवाजची फाईल काढून टाकल्यास प्रोग्राम बंद न पडता नम्र सूचना द्यावी.'"

"आणि पुढे तू काय लिहिलंस?"

"'लागू नाही.'"

"बरोबर आहे. तिसऱ्या आवृत्तीत आवाजची फाईलच नाही, मग काढणार काय? पण खाली तारीख मंगळवारची आहे. फाईल गेली बुधवारी दुपारी. जी फाईल उद्या जाणार होती, तिची चाचणी तू आज कशी रद्द केलीस?"

शंकासुराने तोंड उघडलं. कशावरून, असं काही आलं नाही. त्याने कानाची पाळी चोळली, खुर्ची मागे घेतली आणि एकदम हलकं वाटल्यासारखा श्वास सोडला.

"मीच केलं," तो म्हणाला. "आधी माझ्या संगणकावर करून पाहिलं, मंगळवारी. जमलं. मग बुधवारी तुम्ही दोघं डबा खायला बसल्यावर बिल्डवर केलं."

"का?"

"ती अंधशाळा आहे ना, टेकडीमागची? तिथल्या जुन्या संगणकांवरचा अँटीव्हायरस आवाजची फाईल उचलून बाजूला टाकायचा. वाचक मुका व्हायचा. एका आठवड्यात हेडबाईंचे अकरा फोन आले मला. शेवटच्या फोनला मागे मुलं होती. त्यांची चाचणी परीक्षा होती आणि प्रश्न वाचून दाखवायला काही नव्हतं. म्हणून म्हटलं, आवाज पोटातच घालू. पुन्हा कोणी उचलणार नाही. एक स्विच बदलला, बस."

"बिल्डवालीला फोन का नाही केलास?"

"ती दवाखान्यात होती आईपाशी. तिथे फोन करून काय सांगू, तुझ्या यंत्राला हात लावतोय? नंतर सांगायचं म्हटलं, तर ती परत आल्यावर इतकी आनंदात होती, की सांगवेना. मग राहूनच गेलं." तो पुढे झुकला. "शाळा चालू झाली ताई. सगळी मुलं परीक्षेला बसली. पण वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलता यायला हवी, हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, वस्तू तीच, फक्त खिसा बदलला."

सूचीताईंना त्याचा राग आला नाही. "आणि लायसन्सची फाईल? ती का काढलीस?"

शंकासुर चमकला.

"लायसन्सच्या फाईलीला मी हात लावलेला नाही. शपथ. ती गेलीय हेच मला काल कळलं."

५

तो खरं बोलतोय हे नोंदींनीच सांगितलं. लायसन्सची फाईल काढल्याची नोंद कुठेच नव्हती. बुधवारी नाही, आधी नाही, नंतरही नाही.

बिल्डवालीला सूचीताईंनी सगळं सांगितलं. ती शंकासुराकडे वळून म्हणाली, "पाच मिनिटांचं काम होतं रे. आपल्या मुख्य फाईलवर कंपनीची डिजिटल सही असते, आवाजच्या फाईलवर मी कधी केलीच नव्हती. बिनसहीची फाईल दिसली की अँटीव्हायरस बिथरतो. आपण देतो त्या फाईलवर सही केली की झालं. ज्याला बदलायची त्याने खुशाल आपली ठेवावी."

"ऑपरेशन थिएटरच्या दारात विचारायचं होतं का हे तुला?"

"विचारायचंस. मी तिथे बसून कोडीच सोडवत होते." मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "आईला आता वर्तमानपत्र वाचता येतं."

तिने बिल्डची आज्ञावली पडद्यावर उघडली, म्हणजे यंत्राने काय काय करायचं याची ओळीओळीने लिहिलेली यादी. सूचीताई शेजारी बसल्या. चाळीस ओळींनंतर बिल्डवालीने बोट ठेवलं.

"सापडला तुमचा दुसरा चोर! बघा. फोल्डरमध्ये ज्या ज्या वेगळ्या लायब्ररी फाईल दिसतील, त्यांची लायसन्सं ताईंच्या यादीतून उचल आणि एका फाईलीत लिही. काहीच नसेल तर फाईल बनवू नकोस. आवाज पोटात गेला, फोल्डरमध्ये वेगळं काही उरलं नाही, म्हणून यंत्राने लायसन्सची फाईल बनवलीच नाही. कोणी काढली नाही तिला. ती जन्मालाच आली नाही."

शंकासुर टाळी देऊन मोकळा झाला. मालक दारातून डोकावून म्हणाले, "म्हणजे सुटलं? आवाजची फाईल परत वेगळी काढली की लायसन्सही आपोआप परत?"

"सुटलं," बिल्डवाली म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून मुनी म्हणाला, "ताई, तुमची यादी कशावरून केलीत?"

सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले. मुनीने आपण होऊन प्रश्न विचारला, ही घटनाच मोठी होती.

"कशावरून म्हणजे? दुसऱ्या आवृत्तीचं फोल्डर उघडलं, जे दिसलं ते लिहिलं. मांडणीवर जी पुस्तकं उभी असतात त्यांची सूची करतात तशी."

"आणि कागद सरळ करणारा कोड?" मुनी म्हणाला. "तो माझा नाही."

सूचीताईंनी आपली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. तो तीत नव्हता.

६

कागद कॅमेऱ्यासमोर वाकडा धरला तरी ओळी सरळ करून घेणारा तो तुकडा पहिल्या आवृत्तीपासून वाचकमध्ये होता. सहाशे ओळींची लहानशी लायब्ररी. तिची कधीच वेगळी फाईल नव्हती, पहिल्या दिवसापासून ती पोटातच कंपाइल होत होती. म्हणून मांडणीवर ती कधी दिसलीच नाही, आणि सूचीताईंच्या यादीत कधी आलीच नाही.

मुनीने मूळ कोड उघडून दाखवला. वर तो लिहिणाऱ्या बाईंचं नाव आणि सहा ओळींचं लायसन्स होतं. ते फार मोकळ्या मनाचं होतं: हा कोड वापरा, बदला, विका, आपल्या प्रोग्राममध्ये मिसळा, काही हरकत नाही. मागणी एकच. कोड द्याल किंवा कंपाइल करून द्याल, दोन्ही वेळा माझं नाव आणि या सहा ओळी सोबत असू द्या.

"तीन आवृत्त्या," सूचीताई म्हणाल्या. "या बाईंनी फक्त नाव मागितलं होतं. आणि ते तिन्ही वेळा मी गाळलं."

"अहो, तुम्ही कुठे..." मालक म्हणाले.

"यादी माझी आहे, साहेब. शोधायला निघाले होते दुसऱ्याची चूक. शंकासुराने एका आवृत्तीत एक दार बंद केलं. माझी चूक त्याच्याहून जुनी आहे." त्यांनी चष्मा पुसला आणि परत घातला. "चला. आता काय करायचं ते ठरवू या."

पाचही जण मधल्या खोलीत बसले. सूचीताईंनी आवाजचं पूर्ण लायसन्स छापून आणलं होतं, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेलं.

"साहेब, तुमची भीती आधी घालवते. लायसन्सं सगळी सारखी नसतात. एका जातीचं लायसन्स म्हणतं, माझा कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून तो वाटलात, तर सगळ्या प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, त्याच अटींवर खुला करा. आवाजचं त्या जातीचं नाही. ते म्हणतं, तुमचा कोड तुमच्याकडेच ठेवा. पण माझा भाग, त्याचा सोर्स, हे लायसन्स आणि माझं नाव वापरणाऱ्यापर्यंत पोचू द्या. आणि त्याने माझा भाग बदलला तर बदललेला भाग तुमच्या प्रोग्रामसोबत चालला पाहिजे."

"मग पोटात घालायचंच नाही?" शंकासुराने विचारलं.

"घालता येतं. पण मग आपल्या प्रोग्रामचे अर्धवट कंपाइल केलेले तुकडे लोकांना द्यावे लागतात, म्हणजे त्यांना स्वतः बदललेली लायब्ररी घालून सगळं पुन्हा जोडता येईल. वेगळी फाईल ठेवणं सोपं. भाचीने जे केलं, ती काही पळवाट नव्हती. लायसन्सने तिला दिलेला हक्क होता तो."

"आणि शुक्रवार?" मालकांनी विचारलं.

"अटी पाळल्या तरच वाटायचा हक्क आहे. तिसरी आवृत्ती आहे तशी एकही प्रत बाहेर जाता कामा नये. ज्या दोनशे चौदा जणांनी ती आधीच उतरवून घेतलीय, त्यांना काय चुकलं ते लिहून कळवायचं आणि नवी द्यायची. दोन्ही लेखकांनाही आपणच कळवायचं. त्यांना कळायच्या आत."

मालक उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. तीनशे शाळांना फोन करून 'पाच दिवस थांबा' असं सांगायचं होतं. "मी करतो फोन," ते म्हणाले. "विकणारा माणूस आहे मी. उशीरही विकेन. पण ताई, लेखकांना पत्र तुम्ही लिहा. मी लिहिलं तर जाहिरात होईल."

सूचीताईंनी दोन पत्रं लिहिली. सबबी काढल्या नाहीत. काय झालं, कधी झालं, कोणाच्या नजरेतून काय सुटलं आणि आता काय करतो आहोत, एवढंच लिहिलं. आवाजच्या लेखकाच्या पत्रात टेलिफोनबाईंची हकिकतही होती, भाचीला विचारून.

उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत कामही थांबलं नाही. यादी पुन्हा केली ती मुनी आणि सूचीताई दोघांनी मिळून. या वेळी फोल्डर बघून नाही, कोडच्या पहिल्या ओळीपासून, पोटातलं सगळं काढत. आणखी दोन लहान तुकडे सापडले. चारी नावं आत गेली.

पहिलं उत्तर कागद सरळ करणाऱ्या बाईंचं आलं. 'नाव राहिलं याचं वाईट वाटून घेऊ नका, आता घातलंत ना. हा कोड मी एका सुट्टीत आजोबांची पत्रं वाचण्यासाठी लिहिला होता. इतरही कोणी वापरतं हे मला आजच कळलं. आज घरी सगळ्यांना सांगितलं.'

सूचीताईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि कोणाला काही न सांगता खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगून आल्या.

दुसरं उत्तर आवाजच्या लेखकाचं. ते इतकं छोटं होतं की मुनीनेसुद्धा कौतुक केलं. 'चूक सुधारलीत, ठीक आहे, वाटत राहा. पण तो 'स' खाली आणणारा बदल कुठे आहे? दहा वर्षं वयस्क लोक मला हीच तक्रार करताहेत आणि मला जमलं नाही. ज्यांनी केला त्यांना विचाराल का, आम्हाला देतील का?'

७

भाचीने दिला. आधी खूप लाजली. आपला कोड म्हणजे गोधडी आहे, ठिगळं लावलेली, असं म्हणाली. मग आठवडाभर मुनीसोबत बसून तिने तो नीटनेटका केला. त्या आठवड्यात मुनी इतकं बोलला की मालकांनी एकदा त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

सुधारलेली आवृत्ती पुढच्या बुधवारी तीनशे शाळांना गेली. आवाजची फाईल वेगळी, सहीसकट. टेकडीमागच्या शाळेत शंकासुर स्वतः जाऊन आला आणि तिथले अकराही संगणक बोलतात याची खात्री करून आला. बारावा आहे का, हेही विचारून आला.

महिन्याभराने आवाजच्या लेखकाने लायब्ररीची नवी आवृत्ती काढली. आता तीत एक नवी सोय होती: कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खालचा सूर. वाचकने ती घेतली आणि एका दुपारी सूचीताई टेलिफोनबाईंच्या घरी ती द्यायला गेल्या. भाचीही दुकान बंद करून आली होती.

खोलीत ऊन होतं. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, एक्स्चेंजमध्ये बसत असाव्यात तशा. त्यांनी आवाज ऐकला, मान डोलावली, वर्तमानपत्राचे दोन मथळे ऐकले आणि म्हणाल्या, "झकास. आता ते लायसन्सचं पान लाव."

"मावशी, ते लांबलचक असतं. ते कोणी ऐकत नाही."

"चौतीस वर्षं मी लोकांची नावं जोडून दिली. मला ऐकू दे."

वाचक वाचायला लागला. अटी, कलमं, उपकलमं. बाई एक शब्द न गाळता ऐकत राहिल्या. सूचीताईंनी मधेच चहाचे कप भरले. कागद सरळ करणाऱ्या बाईंचं नाव आलं, त्यांच्या सहा ओळी आल्या. मग आवाजच्या लेखकाचं नाव आणि त्याच्या लायब्ररीला इतक्या वर्षांत हातभार लावणाऱ्यांची यादी. दूरदूरची नावं, काही उच्चारायला अवघड. वाचक अडखळत अडखळत एकेक घेत होता. भाची उठून खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत राहिली.

यादीतलं शेवटचं नाव तिचं होतं. पूर्ण, आडनावासकट.

बाईंनी हात वर केला. वाचक थांबला.

"हे छापलंय?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांकडे असंच?"

"जिथे जिथे ही लायब्ररी जाईल तिथे," सूचीताई म्हणाल्या. "काढायचं नाही, अशी अटच आहे."

बाईंनी चाचपडत टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि आपल्या बहिणीचा, भाचीच्या आईचा नंबर फिरवायला लागल्या.